बंद जाळीतला पिवळा मूग

आधी ताईंचं सांगतो. त्या कोल्हापूरकडच्या, पिकांच्या विषाणूंवर काम करणाऱ्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचा धुणारा, नववीत शाळा सोडलेला. गावापासून इतक्या लांब, माझी बोली कोणाला कळत नाही अशा शहरात, त्यांनी माझं ऐकून घेतलं. नाहीतर राग पोटातच सडला असता.

राग आमच्या गावाकडच्या, रिठदच्या बियाणेवाल्यावर. "या मुगाले पिवळा रोग येतच नाही," म्हणून त्यानं आईला बी दिलं. मूग हळदीसारखा झाला तेव्हा भर दुकानात तिलाच म्हणाला, "बाईमाणसाची शेती! निंदण नाही, फवारा नाही, मंग पिवळा नाही येईन तं काय येईन?" लोक हसले. तेव्हापासून आई त्या रस्त्यानं जात नाही.

नोकरी जाईल या भीतीनं चाचरतच ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पानं मागव की. उरलेलं बी पण."

पानांतल्या विषाणूचा डीएनए त्यांनी जीवाणूंत घातला. ताटलीत जीवाणूंचे ठिपके उगवले, काही निळे, काही पांढरे. "चांगले उचल," म्हणून माझ्या हाती काडी दिली. मी निळे उचलले. आमच्या घरी भिंतीपासून झेंड्यापर्यंत निळा म्हणजे आपला. ताई हसून वाकल्या. "अरे बाबा, निळे रिकामे! विषाणू पांढऱ्यात. सांगायचं राहिलंच माझं."

प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यात विषाणूचा एकच प्रकार. आईच्या एका पानात असे कितीतरी निघाले. त्यातला एक ताईंनी बंद जाळीत, त्याच बियाण्याच्या रोपांना टोचला. शेजारच्या रोपांना नुसते रिकामे जीवाणू. तिथं ना तण, ना हा रोग पसरवणारी पांढरी माशी; तरी पिवळा आला तर खोट बियाण्याचीच.

ज्या पिवळ्यानं आईला रडवलं, तोच यावा म्हणून मी रोज सकाळी जाळीशी उभा. आला! आधी शिरेजवळ ठिपका, मग सगळं पान. शेजारची रोपं हिरवीगार. एवढा आनंद झाल्याची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

फोटो काढून आईला फोन लावला. "आई, आत्ताच धाडू का त्याले फोटो?"

"नको. पेरणीच्या टायमाले. दुकान गच्च भरलं असन, तवा मीच दाखवीन. हसले होते ना, तेच पायतीन."

फोटो जपून ठेवलाय. आणि ताई, ज्या वर्षी आईचा मूग हिरवा राहील, त्या वर्षीच्या पहिल्या शेंगांची पाटी तुमच्या दारात मी स्वतः आणून ठेवीन.