संडासातली रांगोळी

"आधी पाणी बंद कर, फिर बोल." आमच्या समोरच्या काकूंचं हे वाक्य. कुणी तणतणत तक्रार घेऊन आलं की काकू हात वर करतात आणि हेच म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन गृहस्थ हातघाईवर आले, तेव्हाही म्हणाल्या. दोघांनीही एकमेकांची कॉलर सोडली, कारण कुठलं पाणी ते दोघांनाही कळेना.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी काकू असेलच. आमची काकू सरकारी ऑफिसातून रिटायर झालेली, नवरा गेल्यापासून एकटी, आणि घरातली कुठलीही वस्तू बिघडली की मनातून खूश होणारी. मिक्सर बंद पडला की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. काकू मात्र चष्मा पुसायला घेतात.

गेल्या थंडीत मात्र त्या खूश नव्हत्या. संडासातल्या फ्लशच्या टाकीला पाणी देणारी नळी जोडापाशी गळायला लागली होती. थेंबथेंबच, पण फरशी सदा ओली. तिच्यावरून काकू घसरल्या आणि उजवं मनगट मुरगळलं. पुण्याच्या मुलाला फोनवर हे सांगून बसल्या आणि पंचाईत झाली. तो म्हणाला, शनिवारी येतो आणि तुला कायमची घेऊनच जातो, एकटीनं आता होत नाही तुझ्याच्यानं.

काकू माझ्या दारात आल्या तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"नेईल गं तो मला. मुलगा चांगला आहे ना, तीच तर आफत आहे. वाईट असता तर भांडले असते."

"प्लंबरला बोलवा ना, काकू."

"बोलावला. सोमवारपासून 'रस्ते में हूँ' म्हणतोय. कोणत्या रस्त्यात, ते भगवान जाने. तू चल बेटा. हात तुझे, अक्कल माझी."

मी मूळची नाशिकची, नोकरीसाठी इंदूरला आलेली. पाना कधी हातात धरलेला नव्हता. काकूंनी मल्हारगंजातून नवा वायसर आणि पांढरी टेप आणून ठेवली होती. त्या दारात स्टुलावर बसून सांगत गेल्या आणि मी खाली वाकून करत गेले. कॉक बंद केला, नट सोडवला, जुना वायसर काढला. आट्यांवर टेप गुंडाळली, नट बसवला, कॉक उघडला. थेंब हजर.

काकूंनी मान वाकडी करून पाहिलं. "उलटी गुंडाळलीस. नट फिरवला की सुटणारच ती. खजराण्याच्या गणपतीला प्रदक्षिणा कशी घालतेस?"

"देव उजव्या हाताला ठेवून."

"मग इथे काय देव बदलला? नळीचं तोंड आपल्याकडे, आणि टेप प्रदक्षिणेसारखी. नट आधी हातानं आवळ, पाना शेवटी जरासाच. जास्त जोर केलास तर तडकेल."

या वेळी थेंब आला नाही. पण काकूंचा डोळ्यांवर विश्वास नाही. माझ्याकडून फरशी पुसून कोरडी करून घेतली आणि डाव्या हातानं जोडाखाली कोरडी रांगोळी पसरली. एक थेंब जरी पडला तरी खड्डा दिसेल, म्हणाल्या. मग नुसता पांढरा ढीग बरा दिसेना, म्हणून त्याचं कमळ केलं. आणि रांगोळी काढल्यावर हळदकुंकू घालायची हाताची सवय. तेही घातलं.

शनिवारी सकाळी मुलगा आला. काकू पोहे करत होत्या आणि मी त्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला द्यायला गेले होते. बॅग टाकून तो थेट संडासात गेला आणि लगेच बाहेर आला. चेहरा पांढराफटक. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, आई असं कधीपासून करते? संडासात रांगोळी काढली आहे. हळदकुंकू वाहिलंय."

मला हसू फुटणार होतं, पण त्याचे डोळे भरलेले दिसले. तो भांडायला नव्हे, घाबरून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तरी खात्री पटेना. तो परत आत गेला, स्वतः फ्लश ओढला, टाकी भरेपर्यंत उकिडवा बसून राहिला. पुन्हा ओढला. कमळाची एक पाकळी हलली नाही.

"आई," तो तिथूनच ओरडला, "हे तू केलंस?"

"मी सांगितलं, हिनं केलं. बाहेर ये आता, पोहे ठंडे होतायत."

रविवारी संध्याकाळी तो निघाला तेव्हा आम्ही दोघी खाली गेलो होतो. बॅग त्याची एकट्याचीच. काकूंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पाडव्याला ये तिकडे. पाहुणी म्हणून."

रिक्षा वळेपर्यंत काकू ताठ उभ्या होत्या. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ऐकलंस ना तू? पाहुणी म्हणाला." आणि रडल्या, हसत हसत रडल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आज पाडवा. समोरच्या दाराला कुलूप आहे आणि अख्खा मजला सुनासुना वाटतो. निघताना काकूंनी मला मोबाइलवर तिकीट दाखवलं. जायचं नव्हे, परतीचं.