मागून चालणारे मामा

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने आणि पूर्ण जबाबदारीने कळविण्यात येते की, आमच्या हिच्या मामांसमोर कोणीही चालू नये. बसावे, उभे राहावे, आडवे पडले तरी हरकत नाही. पण चालू नये. माणसाच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता नुसत्या पायांवरून त्याची कुंडली मांडणारा असा दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. मामांची हयात घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात गेली. दात, शिंगं, वशिंड बघणारे पुष्कळ. मामा बैल चालवून बघायचे, आणि तेही डोळे मिटून. "चाल ऐकायची असती," म्हणायचे. बाजारातले बैल कमी होत गेले तशी त्यांनी ही विद्या माणसांकडे वळवली. त्यासाठी हात मात्र त्यांनी फार पूर्वीच साफ करून घेतला होता, तो माझ्यावर. मी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले आणि मामा म्हणाले, "जावई, जरा त्या गोठ्यापर्यंत जाऊन या." मी गेलो. "आता वळा. आता जरा चटाचटा." मुलगी दारातून बघत होती, खुदखुदत होती. शेवटी निकाल लागला: "जरा फेंगडं हाय, पण खोड न्हाई. द्या पोरगी." दात बघितले नाहीत, हे उपकार.

स्वतः मामा मात्र कायम चार पावलं मागून चालतात. लग्न असो, देवदर्शन असो, "व्हा पुढं, मी येतो" ठरलेलं. आम्हाला वाटायचं, पारख चालू आहे.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे माझ्या पुतणीचं, सोनलचं प्रकरण. पोलीस भरतीची तिची ही शेवटची खेप. पुढच्या वेळी वय निघून जाणार. आठशे मीटर पळायचं, आणि महिन्यावर मैदानी चाचणी आलेली असताना डावी नडगी ठणकायला लागली. मी महागाचे बूट आणले, तिच्या आईनं हळदीचे लेप घातले, भावानं "जोर कमी पडतोय" म्हणून आणखी पळवलं. ठणका वाढला. एका सकाळी ती रस्त्याच्या कडेला बसून रडली, तेव्हा मी मामांना फोन केला.

मामा आले, ते तिच्याशी एक शब्द न बोलता डांबरी रस्त्याच्या कडेला पालथे पडले. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो जमिनीला टेकवला आणि म्हणाले, "पळ." एक टेम्पोवाला घाबरून थांबला. "काय झालं हो बाबांना?" मामा पडल्यापडल्या ओरडले, "टाच बघतोय! व्हा पुढं!" मग माझा खांदा धरून, कण्हत उठले आणि तो व्हिडिओ मुंगीच्या गतीनं लावून आम्हाला दाखवू लागले. "बघा, पाय किती लांब फेकती! टाच पुढं पडती, दर पावलाला ब्रेक लागतो. आन् उजवा पाय बोलतो, डावा ओरडतो. ऐका." आम्ही कान लावले. खरंच, टप-धप, टप-धप.

"पोरी, रस्त्याच्या कंच्या कडेनं पळती?"

"डाव्या. जाताना, येताना, दोन्ही वेळेला. नियम हाय ना."

मामांनी कपाळावर हात मारला. "अगं, रस्ता मधी उंच आन् कडेला उतरता! रोज डावा पाय खड्ड्यात घालून पळती तू! भरती व्हायच्या आधीच नियम पाळायला कुणी सांगितलं हुतं?"

आठवडाभर पळणं बंद. मग सपाट माळ, आखूड पावलं, भराभर, आणि दोन्ही बुटांना बैलाच्या गळ्यातले दोन-दोन घुंगरू. दोन्हीकडून सारखाच आवाज आला पाहिजे, ही अट. सकाळी सोनल पळायला लागली की बायका चूल सोडून दारात यायच्या. "कुणाचं जित्राब सुटलं गं?" सोनल लाजेनं लाल, मामा बांधावर डोळे मिटून टाळ्या वाजवतायत: "डावा दबला! हां, आता जुळलं! लई झ्याक!" नडगी हळूहळू गप्प झाली.

चाचणीच्या दिवशी नगरला मैदानाच्या फाटकाबाहेर आम्ही चहाच्या टपरीवर ताटकळत होतो. मामांचा चहा बशीतच निवला. एकदाची सोनल फाटकातून बाहेर आली, छातीवरचा नंबर तसाच, आणि लांबूनच किंचाळली, "बसले वेळेत! ठणका न्हाई काही न्हाई!"

आणि मामा पळाले. आमच्या पुढून, आमच्याकडे पाठ करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उजवा गुडघा वाकतच नव्हता. सगळं अंग एका बाजूला झुकत होतं, तरी माणूस पळत होता. मी माझी बशी टपरीवर ठेवून बघत राहिलो. मामा मागून का चालायचे, ते मला त्या वीस पावलांत कळलं.

सोनल जागच्या जागी थांबली. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं, क्षणभर डोळे मिटले आणि भर रस्त्यात ओरडली,

"अवो मामा, उजवा पाय ओरडतोय तुमचा! इतकी वर्षं कुणीच कसं ऐकलं न्हाई?"