काकूंचा डावा पाय

काकूंना गाडी चालवता येत नसे. पण मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात क्लच दाबायचं काम गेली पंचवीस वर्षं त्यांचंच होतं. काका गाडीखाली आणि काकू ड्रायव्हरच्या सीटवर.

"दाब!"

"दाबला!"

"सोड!"

"सोडला!"

शेजारी म्हणायचे, यांचा संसार एवढ्या चार शब्दांवर चाललाय. लग्नाआधी काकू शिवणकाम करायच्या. शिलाई मशीनच्या पायडलवर कमीजास्त जोर द्यायची सवय तेव्हाचीच.

एका सकाळी दातांचे डॉक्टर आपली लाल, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार दोरीने ओढून घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा जीव तिच्यात. इंजिन बंद असलं की गियर लोण्यासारखा पडायचा. चालू केलं की नुसती खरखर. दोन गॅरेजांत गियरबॉक्स उतरवून झाला होता, क्लचप्लेट नवी, क्लचचं तेल ढकलणारे वरचा-खालचा सिलिंडरही नवे.

"आता इंजिन उतरवू म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "दाढ दुखतेय, तर हे जबडा काढायला निघालेत!"

काका गाडीखाली सरकले. काकूंनी क्लच दाबला. गियरबॉक्सजवळची दांडी बोटभर सरकायला हवी, ती जेमतेम हलली. काकांनी क्लचच्या तेलाच्या पाइपातली हवा काढली. पुन्हा तेच. तेल गळत नव्हतं, काही सैल नव्हतं. काकांनी पाना खाली ठेवला. काकांनी पाना खाली ठेवला की समजायचं, गाडं अडलंय.

"अहो," काकू वरून म्हणाल्या, "पेडल शेवटी घट्ट लागायला हवं ना? हे मऊच राहतंय. कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, एक थेंब गळत नाहीये!"

"गळतंय कुठे म्हणाले मी? मुरतंय म्हणाले."

काकांनी तोंड वाकडं केलं. पण मग लोखंडी पाइपाला जोडलेली वीतभर रबरी नळी त्यांनी मुठीत धरली.

"दाब."

मुठीत नळी बेडकाच्या गळ्यासारखी फुगली. सगळा जोर तीच गिळत होती. बाहेरून ती धडधाकट दिसे, म्हणून तिला कुणी हातच लावला नव्हता.

"सापडलं!" काका खालूनच ओरडले. मग जरा हळू म्हणाले, "तू म्हणालीस तसंच आहे."

नवी नळी करून आणून बसवेपर्यंत दुपार झाली. काकूंनी पेडल दाबलं आणि त्यांचा चेहरा खुलला. डॉक्टरांनी गियर टाकला. आवाजसुद्धा नाही.

"चला काकू, एक चक्कर मारून येऊ."

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"सीट दोनच आहेत," डॉक्टर म्हणाले.

काकू तासाभराने परतल्या. केस विस्कटलेले, गाल लाल. काका दारातच उभे होते.

"एवढा वेळ?"

"टेकडीपलीकडे गेलो होतो," काकू पदर सावरत उतरल्या. "छान पळते हो! फक्त मागचं डावं चाक जरा कुरकुरतंय. पुढच्या आठवड्यात घेऊन या, असं सांगितलंय मी त्यांना."