बाबांनी वाचलेलं अर्धं वाक्य

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग शेवटपर्यंत सोडली नाही. जन्मभर शिपायाची नोकरी केलेला माणूस, मुलगी पीएचडीला अमेरिकेला चालली म्हणून नवा शर्ट घालून आला होता. "रडू नको, शीक. जय भीम," एवढंच म्हणाले आणि स्वतःच रडले.

पीएचडी झाली, आता अमेरिकेतल्याच वेस्ट विंडसरहून रोज कामाला जायची ट्रेन पकडते. काम काय, तर दुसऱ्यांचे स्टडीज वाचून त्यात कितपत दम आहे ते ठरवायचं. मागच्या वर्षी टीमकडे किडनीच्या आजारावरच्या चिनी औषधांचे स्टडीज आले: वाळवलेली गांडुळं, रेशमाचे किडे, विंचू. हसू नका, तिकडे पिढ्यान् पिढ्या देतात. काही ट्रायल्समध्ये लघवीतून जाणारं प्रोटीन कमी झालेलंही दिसलं. पण ट्रायल्स छोट्या, मांडणी ढिसाळ, आणि पेशंट नेहमीच्या गोळ्याही घेत होते. मग गुण नेमका कशाचा, कोण सांगणार? शेवटी आम्ही लिहिलं: उपयोग होऊ शकतो, पण पुरावा कमकुवत आहे.

पेपर छापून आला आणि मिरवायला म्हणून मी तो बाबांना पाठवला. त्यांची किडनी तेव्हाच अधू होती, हे मला माहीत होतं. अक्कल गहाण ठेवली होती मी!

मार्चमध्ये आईचा फोन आला. "पोरी, बाबांच्या रक्तातलं क्रिएटिनिन लय वाढलं, किडनी खराब झाली. डॉक्टर डायलिसिसचं बोलून राहिले." मग हळूच म्हणाली, "बाबांनी दोन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्या. कुठून तरी ती गांडुळाची पूड मागवली."

मी फोन बाबांकडे द्यायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडले, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काहून, तूच लिहिलं ना? तुझं नाव आहे त्याच्यावर."

इथे माझ्या एकेका वाक्यावर पेपर तपासणारे रिव्ह्यूअर तुटून पडतात. तिथे बाबांनी 'उपयोग होऊ शकतो' एवढं डिक्शनरी घेऊन लावलं, आणि पुढचं वाचलंच नाही. त्यांना गरजच वाटली नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. रोज व्हिडिओ कॉलवर त्यांनी गोळी गिळेपर्यंत मी मीटिंग म्यूट करून बसायचे. क्रिएटिनिन थोडं उतरलं, पण पहिल्यासारखं झालं नाही. डायलिसिस टळलेलं नाही, लांबलंय.

माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर म्हणजे माझ्या शब्दाला पुरावा न मागणारी माणसं. आता त्यांची मला भीती वाटते. परवा बाबांनी विचारलं, "नवा पेपर कधी पाठवतेस?"

म्हटलं, सध्या काही लिहीत नाही. खोटं बोलले.