पंख्याचं गाणं करणारे वायरमनभाऊ

वायरमनभाऊंनी प्रेमावर एकही गाणं केलं नाही. हरवलेल्या चपलेवर केलं, एसटीत सीटवर बसून आलेल्या कोंबडीवर केलं, कमी व्होल्टेजमध्ये कण्हत फिरणाऱ्या पंख्यावर केलं. दिवसभर ते तिरोड्याच्या आसपास खांबांवर चढून तारा जोडायचे आणि संध्याकाळी अंगणात गिटार घेऊन बसायचे. नव्याण्णव साली आमचा बँड तिथेच सुरू झाला. गिटार आणि गळा त्यांचा, ड्रमवर लग्नाच्या बँडात वाजवणारा शंकर, कीबोर्डवर मी. तोवर मी भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवत होते.

नागपूरच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या परदेशी रॉक बँडांच्या कॅसेटी ते आम्हाला ऐकवायचे. शब्द तिघांनाही कळत नसत. या विचित्र लोकांत एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "हे कोनासारखं गाऊन नाही राहिले, बाई. बेसूर झाले तरी आपलंच गाऊन राहिले."

बोदलकशाजवळच्या एका गावात शारदोत्सवात आम्ही पंख्याचं गाणं म्हटलं. ते शेवटी मंदावत मंदावत थांबायचं. लोकांना वाटलं, लाइन गेली. वायरमन तर स्टेजवरच आहे, त्याला खांबावर चढवा, असं एक आजोबा म्हणाले. मग सिनेमाच्या गाण्यांसाठी गलका सुरू झाला. मी कीबोर्ड आवरू लागले. भाऊंनी मला थांबवलं. "ज्याले आवडत नसन थो उठन. आपन काऊन उठाचं?" आणि त्यांनी कोंबडीचं गाणं धरलं. शेवटी समोर मोजकी माणसं उरली, पण ती हसत होती.

पुढे आम्ही चार गाण्यांची कॅसेट केली. दुकानदार ठेवून घेईनात, म्हणून भाऊंनी ती चहाटपऱ्यांवर आणि नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटक फिरवणाऱ्या जीपवाल्यांत वाटून टाकली. त्याच सुमारास नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राने आम्हाला बोलावलं. अट एकच, सिनेमाची गाणी. भाऊंनी नाही म्हटलं, त्यांच्यामागे शंकरनेही. मी हो म्हटलं.

त्यानंतर आठ दिवस मी त्यांना तोंड दाखवलं नाही. निघायच्या सकाळी तेच दारात आले, माझा कीबोर्ड सायकलला बांधला आणि स्टँडपर्यंत चालत आले. रागावलात का, असं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जा तू. पन पंख्याचं गानं तिथं नोको वाजवू. थे लोक त्याले फास्ट करतीन."

बरीच वर्षं मी लोकांच्या फर्माइशी वाजवल्या. मग गोंदियाच्या एका शाळेत संगीत शिकवू लागले. एका कॉलेजच्या गॅदरिंगला परीक्षक म्हणून बसले होते, तर चार पोरांनी स्टेजवर पंख्याचं गाणं सुरू केलं. त्यांच्यातल्या एकाचे वडील नागझिऱ्यात जीप चालवायचे आणि त्यांच्या गाडीत आमची कॅसेट अजून वाजत होती. गाणं मंदावत थांबलं, तशी हॉलमधल्या पोरांनी शेवटची ओळ स्वतःच पुन्हा उचलली. मला समोरचं काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन मी तिरोड्याला गेले. भाऊ रिटायर झाले होते, दम्यामुळे गाणं सुटलं होतं. पोरांनी वाजवून दाखवलं. एका कडव्यात आम्ही आमचे शब्द घातलेत, चालेल का, असं एकाने भीत भीत विचारलं. भाऊ म्हणाले, "आमच्या घरी पंखा होता. तुमच्या घरी कूलर असन, तर कूलर म्हना."

मी त्यांची माफी मागायला गेले होते. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही, पुढच्या मंगळवारी कीबोर्ड घेऊन ये म्हणाले. मग दर मंगळवारी आम्ही त्यांच्या अंगणात जमू लागलो. दोन वर्षं जमलो. मग भाऊ गेले.

काही दिवसांनी पोरांच्या वतीने मी वहिनींकडे गिटार मागायला गेले. गिटारच्या आवाजावर आयुष्यभर कुरकुर करणाऱ्या वहिनींनी पदराने गिटार पुसली आणि माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"नेऊ नोको, बाई. इथंच येऊन वाजवा. मंगळवारी घर लय सुनं लागते."