डासकाकांच्या मुलीचं रक्त

इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या काकांना सगळे डासकाका म्हणत आणि त्यांना त्याचा रागही येत नसे. उलट, डास चावलेला तरी कळतो, आपली सुई कळतही नाही, असं ते ऐटीत सांगत. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत; शिरा राहत. पाहुणा दारात उभा राहिला की यांची नजर आधी त्याच्या कोपराकडे. कोणत्याही वादात त्यांचा शेवटचा शब्द ठरलेला होता: माणूस थापा मारतो, रक्त मारत नाही.

अशा माणसाच्या पोटच्या पोरीला उदासीचा आजार जडावा, याला काय म्हणायचं? शिकवण्या घेणारी, बडबडी मुलगी हळूहळू अंथरुणाला खिळली. जेवण नको, अंघोळ नको, कुणाशी बोलणं नको. काकांनी बापाचं कर्तव्य केलं, म्हणजे तिचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, एकही तपासणी सोडली नाही. दर वेळी कागद फडकवत तिच्या खोलीत जायचे आणि खुशीत सांगायचे, की सगळं नॉर्मल आहे, आता ऊठ. काकूंचं निदान तर केव्हाच झालं होतं: सुख दुखतंय, दुसरं काय. प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक पोरीची आजारी असण्याची सोयही जात होती, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

मग इस्पितळात एक संशोधन सुरू झालं. नैराश्याची काही खूण रक्तात सापडते का, हे शोधायला एक डॉक्टरीणबाई अशा लोकांचं रक्त गोळा करत होत्या. काकांनी घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी आपणहून उठली आणि केस विंचरून तयार झाली. काकांना वाटलं, बरं वाटतंय हिला. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या रक्तानं एकदा बापाला खरं सांगावं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच स्पष्ट केलं. ही तपासणी अजून तयार नाही. पुष्कळ लोकांच्या रक्तातून काही हाती लागलं तर लागेल. एकेकट्याला रिपोर्ट मिळणार नाही. मुलीचा चेहरा पडला. तरी तिनं हात पुढे केला.

सुई काकांनीच घेतली. हीच पोर लहानपणी सुई पाहिली की दवाखाना डोक्यावर घ्यायची; तिला धरायला दोघं लागत. आज ती सुईकडे टक लावून बघत होती. त्या बघण्यानं काकांचा हात चळला आणि शीर हुकली. कातडीखाली निळं टेंगूळ आलं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

“दुखलं ना गं?”

“कळलंच नाही, बाबा. हल्ली कशाचंच काही कळत नाही.” मग तिनं विचारलं, “आता रिपोर्ट येणार नाही, म्हणजे तुमचा विश्वास बसणार नाही ना?”

काकांनी टेंगळावर कापूस दाबून धरला. कित्येक महिन्यांनी त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. गाल बसले होते, ओठ फुटले होते. हे बघायला सुई लागत नव्हती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी काकूंनी दारातच विचारलं, की काय निघालं. नेहमीचे शब्द कानावर पडायच्या आत मुलगी मान खाली घालून खोलीकडे वळली.

“रिपोर्ट आला,” काका म्हणाले. रक्ताच्या नावावर ते आयुष्यात पहिल्यांदा थाप मारत होते. “पोर फार आजारी आहे.”

मुलगी खोलीच्या दारातच थबकली आणि लहानपणी सुईला रडायची तशी मोठ्यानं रडू लागली.