नवे पिस्टन आणि तुळजापूरचा घाट

मंडळी, हे आज दुपारी घडलंय. रडू येत न्हाय, म्हणून लिहीत बसलोय.

महेबूबचाचांची मोटार जुनी. तुळजापूरचा घाट आला की दम सोडायची. मग पाशिंजर उतरून ढकलायचे आणि मी मोठा दगड घेऊन मागं चालायचो. गाडी थांबली की दगड चाकाखाली लावायचा. तेवढ्यावर मला फुकट हिंडायला मिळायचं.

लढाईमुळं नवी मोटार मिळत न्हाय. म्हणून चाचांनी पंधरा दिवस खपून हिचेच सिलिंडर मोठे करून घेतले. संस्थानाच्या हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा, नाका ओलांडून सोलापुरातनं नवे पिस्टन आणले आणि स्वतः बसवले. आज तामलवाडीत म्हणाले, "बेटा, आता इंजिनात लई ताकद हाय. कुणी उतरायचं न्हाय."

मी दगड तिथंच टाकला आणि ऐटीत आत बसलो. करडईची पिवळी रानं बघत होतो, खोटं कशाला सांगू.

अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. आठ माणसांची गाडी मागं सरकू लागली. ब्रेक जुनेच होते, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दगड लाव!" चाचा ओरडले. मी उतरून रिकाम्या हातानं उभा. मग त्यांनीच स्टेरिंग सोडून उडी टाकली आणि चाकाखाली पाय घातला. गाडी वळून खडकाला टेकली. माणसं वाचली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाचं विचारलंच न्हाय.

"गाडी चढली का रं?"

"व्हय चाचा, एका दमात."

ते हसले. तुम्ही काय सांगितलं असतं?